कालवं काढणाऱ्या बायका

मु. सावरखाडी, जि. सिंधुदुर्ग
१४ डिसेंबर २०२४

आत्या, जयभीम.

आंधळगावच्या पोस्टमनला तुझ्या नावाचं पत्र पाहून नवल वाटेल. तूच म्हणाली होतीस, "वाचाले शिकवलंस तर आता वाचाले काही पाठव बी. फोनवरचं बोलणं हवेत जाते." म्हणून अक्षर मोठं काढते आहे. जोडाक्षर अडलं तर तिथे बसून राहू नकोस, पुढे जा.

इथे आमचं दहा दिवसांचं कांदळवन शिबिर आहे. कांदळवन म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल. राज्यभरातून पंचवीस पदवीधर निवडले, त्यात भंडारा जिल्ह्यातली मी एकटी. बाबा आसगावात कोणाकोणाला सांगत फिरत असतील, कोणास ठाऊक.

रोज सकाळी कृष्णराव नावाचे होडीवाले आम्हाला आत नेतात. झाडांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात, श्वास घ्यायला. त्यांना श्वसनमुळे म्हणतात. बी झाडावरच रुजतं, आणि रोप खाली पडून चिखलात सरळ उभं राहतं. जसा धानाचा रोवणा आपोआप! निवटी नावाचा मासा पाण्यातून निघून मुळांवर चढून बसतो. खोटं नाही, मी फोटो काढला आहे. एका खेकड्याची एकच नांगी मोठी असते, ती तो सारखी हलवतो, जसा कोणी लांबून बोलावतो आहे. काल पाणमांजराचं कुटुंब दिसलं, आई आणि तीन पिल्लं. मी अर्धा तास हललेसुद्धा नाही.

एक गंमत सांगते. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "हा चिखल आमच्या धानाच्या बांधीसारखाच आहे, मले तर घरीच आल्यासारखं वाटून राहिलं." पुण्याची तेजस्विनी हसत सुटली. "काय वाटून राहिलीस? पेढे?" तेव्हापासून सगळे मला पेढे म्हणतात. हसण्यावारी नेलं मी. पण आता तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात धुऊन घेते. फारसं काही विचारत नाही. ऐकते आणि लिहून घेते.

परवा मी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. ललिताबाई नावाच्या एका बाईने मला काढलं, घरी नेऊन पाय धुवायला गरम पाणी दिलं, जेवायला वाढलं. नारळाच्या रश्श्यात काहीतरी मऊ होतं, पावसाळ्यात आपल्याकडे वारुळावर उगवतात त्या सात्यांसारखं. मी दोनदा घेतलं. त्यांची मुलगी सरिता बारावीला आहे. तिने माझा नंबर घेतला.

पण ललिताबाई आणि त्यांच्या वाडीतल्या बायका काय करतात ते कळलं आणि मला झोप लागली नाही. ओहोटीला पाणी उतरलं की कोयते, टोपल्या घेऊन त्या मुळांत शिरतात. मी विचारलं, काय करता? ललिताबाई हसून म्हणाल्या, "कालवां काढतंव गो. आमची आजीपण काढी." आत्या, कालवे! चिखलात सगळीकडे चर दिसतात, त्यांतून पाणी वाहून जातं. पाणी गेलं की कांदळ मरतं. कालव्यापायी आपल्या भागात किती जणांच्या जमिनी गेल्या ते तुला सांगायला नको. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने जंगलाला असलेला एक धोका लिहून द्यायचा आहे. मी हाच लिहिणार. त्यांनी मला जेवू घातलं, म्हणून खरं लपवायचं का?

तुझी,
मनाली

●

आंधळगाव
२ जानेवारी २०२५

मनाली पोरी, जयभीम.

तुजा कागद भेटला. वाचाले तीन दिस लागले. श्वसनमुळे पाशी अडली, मंग शेजारच्या रत्नमालाले विचारलं. मासा झाडावर चढते हे वाचून ते म्हणते, "तुमची भाची बी.एस्सी. झाली का गप्पा माराले शिकली?" मी म्हटलं, फोटो आहे तिच्यापाशी.

ते पुण्याची पोरगी हासली त हासू दे. तिले बांधीत उभी कर एक दिस, मंग आपण हासू.

मले एक समजलं नाई. कालवा खोदाले कोयता कायले? लग्नाच्या आधी मी दोन उन्हाळे कालव्याच्या कामावर होती. कुदळ, पावडं, घमेलं, हे लागते. कोयत्यानं माती खणली त धार एका दिसात जाते. अन् टोपलीत काय नेतात त्या बाया? वला चिखल घरी नेऊन काय करतात? तू टोपलीत पाह्यलं का? एवढ्या दूर मासे पाहाले गेली, अन् हातभर अंतरावरची टोपली नाई पाह्यली?

अन् ताटात काय देल्लं होतं ते बी नाई लिवलं. तुले चांगलं लागलं त विचाराचं होतं, कसं करतात म्हणून.

लिवाले हात दुखते. पुरे.

तुळसा आत्या

●

लाखनी
१९ जानेवारी २०२५

आत्या, जयभीम.

बातमी मोठी आहे, म्हणून आधी तीच. माझा अहवाल पंचवीस जणांत पहिला आला. शिबिर घेणाऱ्या संस्थेने तो पुस्तिकेत छापला आणि तिकडच्या वनखात्याच्या कचेरीलाही पाठवला. पान सातवर माझं नाव आणि ललिताबाईंचा कोयता घेतलेला फोटो आहे. खाली त्यांचंच वाक्य: "आम्ही कालवे काढतो. आमची आजीही काढायची." मी त्यांच्या तोंडचं म्हणून 'कालवं' लिहिलं होतं. शिबिर चालवणाऱ्या संजीव सरांनी शुद्धलेखनाची चूक समजून 'कालवे' केलं. ते आपल्या नागपूरचेच आहेत. म्हणाले, "कोकणातले लोक असंच बोलतात. छापताना नीट पाहिजे."

आणि त्यांनीच मला संस्थेच्या लाखनी केंद्रात घेतलं. सध्या तीन महिने, काम पाहून पुढे कायम. हायवेच्या मागे एक खोली मिळाली आहे, दिवसभर ट्रकचे हॉर्न. शाळांमध्ये जाऊन तलाव, पक्षी, जंगल यांबद्दल सांगते. गेल्या रविवारी आसगावच्या विहारात माझा सत्कार झाला. बाबा नेमणुकीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले होते. वाचता येत नाही, तरी प्रत्येकाला बोट ठेवून दाखवत होते, "हे तिचं नाव."

तू कोयत्याचं विचारलंस. आत्या, प्रत्येक ठिकाणची काम करायची पद्धत वेगळी असते. तिथला चिखल मऊ आहे. तू ते आपल्या मुरमाच्या जमिनीवरून पाहतेस. शिवाय संजीव सरांनी तपासलं आहे. सगळ्या गोष्टी घरी बसून कळत नाहीत.

ताटात बहुधा मासाच होता.

मनाली

●

आंधळगाव
१ फेब्रुवारी

मनाली,

तुजा सत्कार झाला, आनंद झाला. मी विहारात सांगितलं.

बरं बाई. मी घरी बसून राहते, मले काय समजते. पण मासा होता त काटा लागला असन. तू त सात्यांसारखं मऊ म्हटलं होतं.

तुळसा

●

लाखनी
१७ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र कोणाकडूनही वाचून घेऊ नकोस. रत्नमालाकाकूंकडूनसुद्धा नाही. अडलं तर अडू दे.

सरिताचा फोन आला होता, त्या ललिताबाईंच्या मुलीचा. म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं लिहिणं चांगलं आहे. आम्हाला एक अर्ज लिहून द्याल का?" कोणीतरी बाहेरून तक्रार केली, म्हणाली. बायका कांदळवनात कालवे खोदतात म्हणून. चौकशी होईपर्यंत कोयता घेऊन खाडीत उतरायला बंदी आहे. बायकांचे कोयतेही काढून घेतले. ऐन हंगाम आहे, बावीस घरं बसून आहेत.

मी विचारलं, "मग तुम्ही काय काढता?"

ती हसली, आत्या. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. "अहो ताई, कालवं! तुम्ही आमच्याकडे दोनदा वाढून घेतलीत ना?"

कालवं म्हणजे शिंपल्यातला जीव. मुळांना आणि खडकांना चिकटलेला असतो. कोयत्याच्या टोकाने शिंपला उघडून काढायचा, टोपलीत टाकायचा. मुळाला इजा होऊ देत नाहीत, कारण मूळ गेलं तर पुढच्या वर्षी कालवं धरत नाहीत. आणि ते चर ओहोटीचं पाणी स्वतःच पाडतं. हे सगळं एका बारावीच्या मुलीने मला दोन मिनिटांत सांगितलं.

 आसगावची पोर मी, कालवा म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. पण खरं सांगू का? त्या दिवशीच मला शंका आली होती. "कालवं म्हणजे काय?" एवढंच विचारायचं होतं. मागे तेजस्विनी उभी होती. पुन्हा सगळे हसतील म्हणून मी मान हलवली, समजल्यासारखी. तुझं पत्र आलं तेव्हाही शंका आली. ती मिटवायला मी तुला घालून-पाडून बोलले.

याच्या पुढचं लिहायला लाज वाटते. सरिताला मी काही सांगितलं नाही. रात्री बसून तिला अर्ज लिहून दिला. चांगला लिहिला. त्यात असं वाक्य आहे: "कोणीतरी गैरसमजातून केलेल्या तक्रारीमुळे आमच्या उपजीविकेवर संकट आले आहे." ललिताबाई फोनवर आल्या, रडत होत्या. म्हणाल्या, तुझे उपकार फेडता येणार नाहीत. मी म्हटलं, "त्यात काय."

त्यांना पुस्तिका पाहायला मिळालेली नाही. तक्रार कृष्णरावांच्या तोंडून बाहेर गेली असावी असं गावात बोलतात, कारण पाहुण्यांना होडीतून तेच नेत होते. त्यांच्या बायकोशी विहिरीवर कोणी बोलत नाही.

संजीव सरांना मी सांगितलं.  ते म्हणाले, "अर्ज दिला आहेस ना? मग होईल मोकळं. पुस्तिका सगळीकडे गेली आहे. आता नाव मागे घेतलंस तर संस्थेची अब्रू जाईल, आणि तुझं कायम होणंही. मी काही करू शकणार नाही." वाईट माणूस नाहीत ते. खोडलेला अनुस्वार त्यांनाही दिसत असणार.

बाबांच्या पिशवीतलं ते नेमणुकीचं पत्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तू सांग.

मनाली

●

आंधळगाव
२५ फेब्रुवारी

मनाली,

कोणालेच नाई दाखवलं. एकटीनंच वाचलं. दोन ठिकाणी अडली, पण समजलं.

तुजं चुकलं ते चुकलं. शब्द कोणाचा बी चुकते. मी बी सासरी आली तवा किती शब्द उलटे समजली, सासूनं बोलणे देल्ले, झालं. त्याच्यावर मले राग नाई. मले घरी बसणारी म्हटलं त्याचा बी राग नाई. मंजे, होता. आता नाई.

राग त्या कोणीतरीचा आहे.

पोरी, तुले मालूम आहे कोणीतरी म्हणजे कोण असते? आम्ही लहान होतो, गावात कोणाची कोंबडी गेली, कोणाच्या बांधीचं पाणी फुटलं, का गावातले मोठे लोक म्हणत, "कोणीतरी केलं असन." नाव कोणी घेत नोहोतं. नुसतं आमच्या मोहल्ल्याकडे पाहत. बापाले एक खेप दिवसभर चावडीवर बसवून ठेवलं. पाणी घुशीनं फोडलं होतं. तवापासून हा शब्द मले खपत नाई. जो करते तो कोणीतरी म्हणून लपते, अन् जो हाताशी सापडते त्याच्या डोक्यावर बसते ते. तिथं तो होडीवाला सापडला.

अन् तू शिकलेली. तुले त दुसरे शब्द बी येतात. तुले 'मी' लिवता येते. मलेच तू शिकवलं होतं, पाटीवर सगळ्यात आधी माजं नाव काढाले लावलं होतं.

तुज्या बाबाचं मी पाहून घेईन म्हणणार होती. पण नाई. ते बी तूच सांग.

तुळसा

●

लाखनी
३ मार्च

ललिताबाई आणि सरिता, नमस्कार.

तुमच्याविरुद्ध तक्रार करणारी ती 'कोणीतरी' मी आहे.

सोबत एक पुस्तिका पाठवते आहे. पान सात उघडा. तो फोटो मी काढला आहे. खालचे शब्द ललिताबाईंचे आहेत आणि अर्थ माझा आहे. आमच्या भंडाऱ्याकडे कालवा म्हणजे पाण्याचा पाट. तुम्ही खाडीत पाट खोदता असं मी समजले, आणि तुम्हाला अर्थ न विचारता तसं लिहून दिलं. तुमच्या घरी दोनदा वाढून घेतलं तेव्हाही ताटात काय आहे ते विचारलं नाही. शहरातली मुलं माझ्या बोलण्याला हसली होती. पुन्हा हसतील या भीतीने मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याची किंमत बावीस घरांनी दिली.

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. सरिताचा फोन आला तेव्हा मला सगळं कळलं होतं. तरी मी नाव लपवून तुमचाच अर्ज तुम्हाला लिहून दिला आणि तुमचे आभार घेतले. ते मी परत करते.

कृष्णराव कोणालाही काही बोललेले नाहीत. होडीत बसल्यावर ते फक्त पक्ष्यांची नावं सांगत. हे पत्र वाडीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं, विशेषतः ज्यांनी त्यांच्या घराशी बोलणं टाकलं आहे त्यांच्यासमोर, एवढी विनंती आहे.

कचेरीला मी माझ्या नावाने आणि सहीने लिहिलं आहे, नक्कल जोडली आहे. त्यात 'गैरसमज' हा शब्द नाही. 'मी खोटी माहिती दिली' असं आहे. संस्थेलाही तेच कळवलं. चौकशीला बोलावलं तर येईन.

माफी मागायचा मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. म्हणून मागत नाही.

मनाली
(शिबिरातली, चिखलात रुतलेली)

●

सावरखाडी
२२ मार्च

मनालीताई,

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहायचं ते घरात ठरत नव्हतं.

पत्र मी देवळासमोर वाचलं. सगळी वाडी होती. कृष्णराव मागे उभे होते.  वाचून झाल्यावर सत्यभामाबाईंनी, ज्यांनी पहिलं बोलणं टाकलं होतं, कृष्णरावांच्या बायकोला आपल्याजवळ बसायला जागा करून दिली. कृष्णराव म्हणाले, "माका म्हायत होता, मी नाय सांगूक." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी ते होडी घेऊन गेले नाहीत. घरीच बसून राहिले. महिनाभर कोणी विश्वास ठेवला नाही याचं त्यांना फार लागलं आहे. ते तुमच्या पत्राने गेलेलं नाही.

कचेरीतून कागद आला. आठ एप्रिलला ओहोटीच्या वेळी साहेब स्वतः खाडीत उतरून पाहणार. कालवं कशी काढतात ते आई त्यांना दाखवणार आहे, त्यासाठी तिचा कोयता तेवढा परत दिला. तक्रार करणारी व्यक्ती हजर असेल तर निकाल तिथेच देऊ, असं लिहिलं आहे.

मी स्वतः तुमच्यावर चिडले आहे. तुमच्यासारखं शिकायचं असं मी मैत्रिणींना सांगत होते.

आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. काय लिहू विचारलं तर म्हणाली, काही लिहू नको. पत्रात रागावलं की माणूस घडी घालून ठेवून देतं. मला जे बोलायचं आहे ते मी तिच्या तोंडावर बोलणार. येऊ दे तिला.

कधी येता ते कळवा.

सरिता

●

आसगाव
२ एप्रिल

आत्या, जयभीम.

लाखनीची खोली सोडली. संस्थेने 'तूर्त थांबा' असं कळवलं आहे. संजीव सरांनी स्वतः फोन केला. पुढच्या छपाईतून पान सात काढणार आहेत, एवढं म्हणाले.

आठ तारखेला सावरखाडीत हजर राहायचं आहे. सरिताला कळवलं, येते म्हणून. तिचं उत्तर आलं नाही.

बाबांना काल संध्याकाळी सांगितलं. सगळं सांगितलं: शब्द, पुस्तिका, अर्ज, कृष्णराव, आणि नोकरी गेल्याचं. आई चुलीपाशी होती, ती तशीच बसून राहिली. बाबा उठून गोठ्यात गेले. बैलांचं पाणी पिऊन झालं होतं, तरी बादली धरून उभे होते.  सत्कारात ज्यांना ज्यांना त्यांनी ते पत्र दाखवलं, ते सगळे चेहरे त्यांच्यासमोर येत असणार. माझ्यासमोर तर येतच होते.

मग गोठ्यातूनच त्यांनी विचारलं, "त्या बाया मारतीन का तुले?"

मी म्हटलं, "नाही. बोलतील."

"बोलू दे," ते म्हणाले. "गाडी कुठून आहे, नागपूरहून का?"

मी हो म्हटलं.

"मंग पवनीच्या स्टँडपर्यंत मी येतो सोडाले. अन् तिथं गेल्यावर ते बाई बोलून राहिली का मधात तोंड घालशील नको. पुरं बोलू दे तिले."

तेवढं मी ठरवलं आहे, आत्या.

मनाली